कुलूप निघाले, गिऱ्हाईक कधी येणार?



गुढी उभारली पण दुकान उघडले नाही, असा पाडवा चाळीसगावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला, आणि सकाळ उजाडली ती पाडव्याची. आपल्या खानदेशात पाडव्याला गुंजभर का होईना सोने घ्यावे, बैलजोडीचा किंवा गाडीचा व्यवहार करावा, सालदाराचे बोलणे पाडवा-आखाजीच्या सुमारास उरकून टाकावे, ही जुनी रीत. त्या दिवशी जळगावच्या सराफ बाजारात कुलूप आणि चाळीसगावच्या स्टेशन रस्त्यावरही कुलूप. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला. तोवर अत्यावश्यक नसलेली दुकाने आठवडाभर आधीच बंद झाली होती आणि पाडव्याच्याच संध्याकाळी आणखी कडक निर्बंध जाहीर झाले. लागोपाठ दोन पाडवे असे गेले.

तुम्ही म्हणाल, दुकानदाराचे रडगाणे आम्हा शेतकऱ्यांना कशाला सांगता? आमचे शेत काही बंद नव्हते. खरे आहे. पण आज आपल्या किती घरांत नुसत्या शेतीवर चालते? एक भाऊ शेत पाहतो, दुसऱ्याची फाट्यावर पंक्चरची टपरी असते. सून शिलाईमशीन चालवते, पोरगा मंडपवाल्याकडे कामाला जातो, घराच्या पुढच्या खोलीत किराणा असतो. शेताला जसा पाऊस तसे ह्या धंद्यांना गिऱ्हाईक, आणि तो पाऊस त्या वर्षी अडला. म्हणून हा लेख तुमच्यासाठीच आहे.

कापूस घरात, उधारी वहीत

खेड्यातला किराणा बंद नव्हता. धान्य, दूध, भाजी, औषधे यांना परवानगी होती. खते-बियाण्यांच्या दुकानांना मार्चअखेरीसच सूट मिळाली, पुढे एप्रिलमध्ये शेती अवजारांचे सुटे भाग विकणाऱ्यांना आणि दुरुस्तीवाल्यांनाही. मग किराणावाल्याचे बरे चालले असेल, असे वाटते. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा.

आपल्याकडे किराणा वर्षभर वहीवर चालतो आणि वही फिटते कापूस विकल्यावर. २०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. कापूस महामंडळ आणि पणन महासंघ यांची खरेदी चालू होती, म्हणून पुष्कळांनी भाव धरून कापूस घरात ठेवला होता. टाळेबंदी लागली आणि खरेदी थांबली. जिनिंगमधले परप्रांतीय मजूर निघून गेले. एप्रिलच्या शेवटी खरेदी पुन्हा सुरू झाली ती नाव नोंदवून, रोज ठरावीक गाड्या घेण्याच्या बोलीवर. मे गेला, जून आला, पावसाचे ढग आले, तरी माजघरात छतापर्यंत कापूस. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, ठिणगीच्या भीतीने चूल ओसरीत आणावी लागली. खाजगी व्यापारी हमीभावाहून पुष्कळ कमी भावाने मागत होते, आणि नाइलाजाने कित्येकांनी दिलाही.

आता हाच हिशोब किराणावाल्याच्या बाजूने मांडा. शेतकऱ्याचा कापूस अडकला म्हणून त्याची उधारी अडकली. ठोक व्यापारी मात्र एरवी महिन्याभराच्या उधारीवर माल देत असे, त्याने हात आखडता घेतला. रोख द्या आणि माल न्या. त्यालाही वरून रोखीचाच तगादा होता. म्हणजे दुकान उघडे, गिऱ्हाईक दारात, वही फुगलेली आणि गल्ला रिकामा. त्या दिवसांत जनधन खात्यावर बायकांच्या नावे तीन महिने पाचपाचशे रुपये आले, शेतकरी सन्मान योजनेचे दोन हजार एप्रिलमध्ये आले, रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले. बँकेच्या दारात खडूने आखलेल्या गोलांत बाया उन्हात उभ्या राहत. रक्कम लहान होती, पण खेड्यातल्या वहीवर थोडीफार जमा पडली ती याच पैशांतून.

दूधवाल्याची कथा आणखी वेगळी. म्हैस काही टाळेबंदी पाळत नाही. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाली आणि दुधाला उठाव राहिला नाही. राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर जादा दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. ज्याचे दूध संघाच्या डेअरीला जात होते त्याला याचा आधार झाला. जो हॉटेलांना रतीब घालत होता त्याने घरीच खवा आटवला, तूप कढवले, आणि गोठ्यातला खुराक कमी केला. खुराक कमी केलेली म्हैस पुढे दोन महिने दूध चोरते, हे घरच्या बाईला ठाऊक असते. हिशोबाच्या कागदावर ते येत नाही.

ज्यांचे वर्ष चार महिन्यांचे

सर्वांत जास्त मार बसला तो हंगामी धंद्यांना, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

कुंभाराचे उदाहरण घ्या. आपल्या आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. खानदेशात ज्या घरी घागर भरली जात नाही असे घर शोधावे लागेल. कुंभार थंडीपासून माती मळतो, आवा लावतो, आणि आखाजीच्या आधीच्या पंधरा दिवसांत वर्षाचा पैसा करतो. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला आली, कडक टाळेबंदी. २०२१ ची १४ मेला आली, पुन्हा तेच. एका कुंभारआळीत एका आबांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मडके सडत नाही भाऊ, एवढेच एक बरे." पहिल्या वर्षीच्या घागरी त्यांनी रचून ठेवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्या रचायला जागा उरली नाही. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीही त्या दोन वर्षी सासरीच राहिल्या, झोके रिकामे राहिले. पण ते दुःख निराळे.

तीच गत रसवंतीवाल्याची. मार्च ते जून हे त्याचे चार महिने. ऊस आधीच ठरवलेला, जागेचे भाडे दिलेले, चरक्याला तेलपाणी केलेले. मंडपवाले, वाजंत्री, आचारी, घोडीवाला, पत्रिका छापणारा छापखाना, फोटोवाला, बांगडीवाली, हे सगळे लग्नसराईवर जगतात. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि दारापुढे घरच्या घरी लग्ने लागू लागली. वधूपित्याचे कर्ज वाचले, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळांनी मनातून सुटकेचा श्वास टाकला असेल. पण त्याच गावातल्या वाजंत्र्याच्या घरी त्या दिवसांत काय शिजले हे कोणी पाहिले? सनई-ढोल खुंटीला टांगून ही माणसे आपल्याच बांधावर निंदणी-कोळपणीला आली. सुरतेहून परतलेली पोरेही तिथेच आली, कारण कापड कारखाने बंद होते आणि खानदेशातली हजारो घरे सुरतेच्या पगारावर चालतात. एका कामाला चार हात झाले. काहींनी हातगाडी घेऊन भाजी विकायला सुरुवात केली. शिवणकाम येणाऱ्या बचत गटांच्या बायांनी कापडी मुखपट्ट्या शिवल्या. त्या काळात मशीनचा आवाज चालू होता तो बहुधा त्यांच्याच घरून.

मजुरांचे हाल कोणी विसरू नयेत. जालन्याच्या लोखंड कारखान्यातले मजूर भुसावळहून गाडी मिळेल ह्या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळावरच झोपले, आणि मालगाडीखाली त्यातले सोळा जण गेले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

उघडा म्हटले, पण कसे?

जून २०२० पासून राज्यात टप्प्याटप्प्याने दुकाने उघडू लागली. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. जळगाव आणि धुळ्यासारख्या महापालिकांच्या शहरांत एक दिवस रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी, अशी तऱ्हा. खेड्यातला माणूस भाडे खर्चून कापड घ्यायला जायचा आणि नेमकी त्या दिवशी समोरची बाजू उघडी असायची. जुलैत जळगाव, भुसावळ, अमळनेर ही गावे पुन्हा आठवडाभर बंद झाली. दुकान उघडायचे, माल भरायचा, पुन्हा बंद. ह्या धरसोडीने जेवढे नुकसान केले तेवढे सलग बंदनेही केले नसते असे माझे मत आहे. अर्थात साथीचा जोर आपल्या जिल्ह्यात त्या वेळी मोठा होता, माणसे दगावत होती, तेव्हा नुसता प्रशासनाला दोष देऊन भागत नाही.

नाभिक बंधूंना २८ जूनपासून परवानगी मिळाली ती केस कापण्याची. दाढीला मनाई होती. खेड्यात निम्मा गल्ला दाढीचा. कित्येकांनी तोवर पेटी काखोटीला मारून घरोघर जाऊन, ओट्यावर बसून केस कापले होते. हॉटेलांत बसून खाण्याची परवानगी यायला ५ ऑक्टोबर उजाडला, तीही निम्म्या बाकांवर. तोपर्यंत शेवभाजी पुडक्यात बांधून द्यायची. ज्याची भट्टी पेटती राहिली त्याची गिऱ्हाइके टिकली, मग ती भाजी दिवसाला दहाच पुडकी का जाईना. ज्याने भट्टी पूर्ण विझवली, त्याचा आचारी गावी गेला आणि परत आला नाही.

एसटी २२ मेपासून जिल्ह्याच्या आत आणि २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर धावू लागली. चाळीसगाव हे जंक्शन. धुळ्याकडे जाणारा फाटा इथूनच निघतो, आणि त्या गाडीने दूध, भाजी, विद्यार्थी, कोर्टकचेरीची माणसे रोज ये-जा करीत. मार्च २०२० ला बंद झालेली ती प्रवासी गाडी पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि आली ती नव्या मेमू गाडीच्या रूपात. पावणेदोन वर्षे. स्टेशनाबाहेरचा चहावाला, टांगा जाऊन आलेली रिक्षा, सकाळच्या गाडीवर भरीताची वांगी विकणारी बाई, ह्यांचे दुकान कोणी बंद केलेले नव्हते. फक्त गिऱ्हाईक घेऊन येणारी गाडी नव्हती.

जाता जाता एक आठवण. ह्याच स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस नावाचे मोठे छायाचित्रकार राहत. त्यांनी आपल्या मर्जीने कित्येक दशके स्वतःला घरात कोंडून घेतले आणि घरातच टेबलावर मांडणी करून जगभर नावाजली गेलेली छायाचित्रे काढली. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले. टाळेबंदीत त्यांची आठवण चाळीसगावकरांना हटकून झाली असेल. पण त्यांनी कडी आतून लावली होती. आपल्या दुकानाला ती बाहेरून लागली.

हप्ता थांबला, व्याज थांबले नाही

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. पुष्कळांना वाटले हप्ते माफ झाले. तसे नव्हते. समजा तुमच्या मुलाने धंद्यासाठी एक लाख रुपये बारा टक्क्यांनी घेतले आहेत. महिन्याला एक टक्का व्याज. सहा महिने काहीच भरले नाही तर साधे व्याज सहा हजार. पण बँक व्याजावर व्याज धरते, म्हणून होते ६,१५२. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक प्रकारच्या कर्जांवरचा हा वरचा फरक सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये खात्यावर भरला. म्हणजे आपल्या उदाहरणात १५२ रुपये परत आले. सहा हजार भरावेच लागले. आणि पीककर्ज, ट्रॅक्टरचे कर्ज तर त्या यादीतच नव्हते. ज्याच्याकडे थोडी रोकड होती त्याने सवलत न घेता हप्ते भरले, तो शहाणा ठरला. ज्याच्याकडे नव्हतीच, त्याला शहाणपणा काय सांगावा!

मे २०२० मध्ये तीन लाख कोटींच्या हमी कर्जाची घोषणा झाली. ते कर्ज विनातारण होते, पण ज्याचे आधीच बँकेत धंद्याचे कर्ज आहे त्यालाच, आणि शिल्लक कर्जाच्या वीस टक्के. आपल्या फाट्यावरचा पंक्चरवाला पतपेढीतून किंवा मेहुण्याकडून पैसे घेतो. तो ह्या यादीत कुठे बसणार? त्यापेक्षा १ जून २०२० ला सुरू झालेली फेरीवाल्यांची स्वनिधी योजना लहान माणसाला जास्त उपयोगी पडली. दहा हजार रुपये, तारण नाही, वर्षात फेडायचे, वेळेवर फेडले तर व्याजात सात टक्के सूट आणि पुढे वीस हजारांना पात्र. जवळच्या खेड्यातून येऊन शहराच्या हद्दीत माल विकणाऱ्यालाही ती होती. पण खेड्यातल्या कित्येक भाजीवाल्या ताईंना वाटले की ती फक्त शहरवाल्यांसाठी आहे. विचारले नाही, म्हणून मिळाले नाही.

साथ ओसरत होती, तोच

दुसऱ्या लाटेचे निर्बंध जून २०२१ पासून सैल झाले. दुकानदारांनी उसनवारी करून पोळा, गणपती, दिवाळीचा माल भरायला घेतला. आणि ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरावर आभाळ फाटले. तितूर आणि डोंगरी ह्या दोन्ही नद्या चाळीसगावात घुसल्या. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. नदीकाठच्या गावांत दावणीला बांधलेली जनावरे वाहून गेली, शेते खरडली, आणि बाजारपेठेतल्या दुकानांत चिखल भरला. दीड वर्ष कुलूपबंद राहून नुकताच भरलेला माल! साथीत निदान कापडाचा गठ्ठा फळीवर शाबूत होता.

एवढ्यानेही संपले नाही. ऑक्टोबरअखेरपासून एसटी कामगारांचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांची बाजू निराळी आणि तीही खरी, पण बसस्थानकाच्या आधाराने जगणाऱ्या फळवाल्याला, वडेवाल्याला ती तिसरी टाळेबंदीच झाली.

ह्या तिन्हींतून जे सावरले त्यांच्याकडे पाहिले तर दोन-तीन गोष्टी सारख्या दिसतात. तुमच्या घरी छोटा धंदा असेल तर त्या ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट, त्यांना बंद दाराचा खर्च ठाऊक होता. दुकान उघडले नाही तरी दरमहा काय जाते? समजा भाडे दोन हजार, विजेचे तीनशे, कर्जाचा हप्ता अडीच हजार, कामावरच्या पोराला निदान तीन हजार. झाले ७,८००. तीन महिन्यांचे २३,४००. हा आकडा ज्याने कधीतरी पेन्सिलीने लिहून काढला होता, तो घरमालकाकडे पहिल्याच महिन्यात जाऊन बोलला, आणि बहुतेक घरमालकांनी ऐकलेही. ज्याने सहा महिने तोंड चुकवले, त्याच्याशी मालकाचे भांडण झाले.

दुसरी गोष्ट उधारीची. उघडल्याबरोबर सगळ्या गिऱ्हाइकांकडे तगादा लावणाऱ्याची वही वसूल झाली नाही आणि गिऱ्हाईकही गेले. जुनी उधारी वेगळ्या पानावर काढून, कापूस विकल्यावर एवढी आणि मका विकल्यावर एवढी, असे घरच्या कर्त्या बाईच्या समक्ष ठरवून घेणाऱ्याची बरीच वसूल झाली. बाईच्या समक्ष हे महत्त्वाचे. पुरुष हो म्हणतो, पैसा कुठे आहे हे बाईला माहीत असते.

आणि माल. दोन-तीन महिने बंद राहिलेल्या दुकानात आधी झाडू, मग तराजू. सिमेंट दगड झाले असेल, औषधांची मुदत टळली असेल, उंदरांनी पोती फोडली असतील. मुदत टळलेले कीटकनाशक शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका आणि शेतकऱ्यांनो, तुम्हीही डब्यावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर बियाणे चालेल. ही परीक्षा दुकानदाराने स्वतः करून गिऱ्हाइकाला दाखवली, तर त्याला पाटी रंगवायला नको. पिठाची गिरणी, शिलाईमशीन, रसाचा चरका बंद असला तरी आठवड्यातून एकदा फिरवावा. नाहीतर उघडण्याच्या दिवशी पहिला खर्च मिस्त्रीचा.

राहता राहिला विमा. पुराच्या वेळी तो किती जणांकडे होता हे बाजारात विचारले, तर लोक एकमेकांकडे बघतात. बैलाचा विमा उतरवणारा माणूस दुकानातल्या मालाचा उतरवत नाही, ह्याचे मला आश्चर्य वाटते. बँकेने धंद्याला कर्ज देताना विम्याचे पैसे कापले असतील, तर त्याची पावती मागून घ्या. त्यात पूर धरला आहे की नुसती आग, हे वाचणाऱ्याकडून वाचून घ्या.

तिसरा पाडवा २ एप्रिल २०२२ ला आला. त्या दिवसापासून राज्यातले साथीचे सगळे निर्बंध उठले. चाळीसगावात सकाळपासून दुकाने उघडी होती, साखरेच्या गाठ्या लटकत होत्या, सराफाकडे गर्दी होती. बसस्थानकासमोरच्या वडेवाल्याची कढई मात्र अजून मंद आचेवरच होती, कारण एसटीचा संप अजून मिटला नव्हता. तिकडे कुंभारआळीत आबांनी त्या साली नवा आवा लावलाच नव्हता. दोन वर्षांच्या घागरी पुसून, ज्यांना तडा गेला होता त्या बाजूला काढून, उरलेल्या त्यांनी हातगाडीवर रचल्या. ३ मेची आखाजी होती. दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली, आणि तडा गेलेल्या घागरी नातवाने कोंबड्यांना पाणी ठेवायला फोडून घेतल्या.